डावीकडची सीट

मुलीला गाडी शिकवायला बसलो तेव्हा एक साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. गाडीत माणसं एकमेकांकडे बघून बोलत नाहीत. दोघांची तोंडं समोर, रस्त्याकडे. घरात, अंगणात, बोटीवर समोरच्याचे ओठ दिसतात, आणि त्या ओठांवर माझी बरीच वर्षं निभावून गेली होती. मला कमी ऐकू येतं हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. स्वतःलाही अर्धवटच सांगितलं होतं.

आमचं घर देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माडांची पट्टी आणि त्या पट्टीतून जाणारा एकच रस्ता. अर्धा जन्म मासेमारीत गेला. आता जाळ्यात मासे कमी आणि दारात पाहुणे जास्त, म्हणून घरावर दोन खोल्या चढवल्या. बायको पाहुण्यांचं बघते, मी त्यांना डॉल्फिन दाखवायला नेतो. बोट तीच, पायाखाली धडधडणारं डिझेलचं इंजिनही तेच. मिसरूड फुटल्यापासून त्या इंजिनाशेजारी उभा आहे. ते कान खातं हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं, पण ज्याचे खाल्ले तो बोलत नाही.

मी न बोलण्याला कारण होतं. माझ्यासारखे माझे वडीलही तांडेल होते. बोटीवर तांडेलाचा शब्द शेवटचा. उतारवयात त्यांचे कान गेले, आणि त्यांच्याशी कोणी भांडेनासं झालं. काही विचारलं की लोक म्हणायचे, "मगे सांगतंय", आणि नंतर कोणी सांगायचं नाही. बोटीवरून त्यांना कोणी उतरवलं नाही. एका पहाटे त्यांना कोणी हाक मारली नाही, एवढंच. बोट गेली आणि ते ओटीवर बसून राहिले. माझ्या बोटीत तर परकी माणसं, पोराबाळांसकट. बहिऱ्या तांडेलाच्या हाती कोण जीव देईल? माझे कान गेलेत हे बाहेर फुटलं की माझ्या हातातलं सुकाणू गेलं, हे मला लख्ख दिसत होतं. आणि सुकाणू गेल्यावर मी काय करणार होतो, पाहुण्यांच्या चादरी वाळत घालणार? पाण्यात उतरलेल्या एखाद्याने हाक मारली आणि मला ती ऐकू आली नाही तर काय, हा प्रश्न मात्र मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हतो.

पावसाळ्यात बोट वर काढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवलेली असते. नारळी पौर्णिमेपर्यंत तांडेलाइतका बिनकामाचा माणूस घरात दुसरा नसतो. त्यात मुलीला अठरावं लागून सरलं, तिचं लर्निंग लायसन आलं, आणि बायको म्हणाली, दोघांनी मिळून शिकवूया. बायको नांदगावची, हायवेच्या कडेला वाढलेली. लग्नाआधीच भावाकडून गाडी शिकून आलेली. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं-सोडणं तीच करते. आमच्या घरात गाडी चांगली तीच चालवते, हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही.

सकाळी आई, संध्याकाळी बाबा, असं ठरलं. बायकोची शिकवण्याची रीत म्हणजे मांडीवर हात ठेवून गप्प बसणं. गाडी बंद पडली की म्हणायची, "पडली? पडांदे. परत चालू कर." माझी रीत वेगळी. समुद्रावर वारा आणि इंजिन दोन्ही बोलत असताना खलाशाला काही सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. त्याला राग म्हणत नाहीत, तसं नाही केलं तर काम होत नाही. ती सवय मी तशीच्या तशी आमच्या जुन्या व्हॅनमध्ये आणली. मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि ती समोरच्या बंदरावर उभी असल्यासारखा मी तिला सांगत होतो की क्लच सोड, हळू सोड, अगो हळू.

रस्त्याच्या कडेला मासे विकायला बसणाऱ्या बायका आमच्याच भावकीतल्या. त्यांना तर पर्वणीच. एक म्हणाली, "तांडेलानू, यंदा बोट रस्त्यार हाडलास काय?" बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. मुलगी मात्र सीटमध्ये खाली खाली सरकत गेली, इतकी की स्टिअरिंगवरून तिचे फक्त डोळे दिसत होते. घरी गेल्यावर ती आईला काहीतरी म्हणाली. बायको बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "तुमी शिकवतास की दम देतास? कित्याक आराडतास चेडवार?"

"मी खंय आराडतंय?" मी म्हणालो. मला खरंच वाटत होतं की मी हळू बोलतोय.

पण आरडाओरडा हा त्यातला सोपा भाग होता. खरी पंचाईत वेगळीच. माझ्याकडे एक हुकमी हत्यार होतं. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की मी हसून "हां" म्हणायचो. जग अर्ध्याहून जास्त वेळा "हां" वर समाधानी असतं. गाडीत ते चालेना. मुलगी मुळात हळू बोलणारी, आणि शिकल्याप्रमाणे नजर रस्त्यावर ठेवून बोलणार. तिचा गाल हलताना दिसायचा, शब्द इंजिनात विरघळून जायचे. तिने विचारलेलं असायचं की तिसरा टाकू का, आणि मी म्हणायचो "हां". पुढे गतिरोधक असायचा. गाडी उडायची, मी ओरडायचो, आणि ती माझ्याकडे बघायची. त्या बघण्यात राग नसायचा. कोड्यात पडल्यासारखी बघायची. मी मान फिरवून खाडीकडे बघत बसायचो.

आता आमच्या पाणंदीचं. आमच्याकडे घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत येणारी वाट दोन चिरेबंदी भिंतींच्या, म्हणजे गडग्यांच्या, मधून येते. गडगे पुरुषभर उंच, त्यावर पावसाळ्यात रान माजलेलं. गाडीचं नाक रस्त्यावर आल्याशिवाय चालवणाऱ्याला काही दिसत नाही, आणि नाक आलं की उशीर झालेला असतो. म्हणून इथली एक रीत आहे. रस्त्यावरची गाडी प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी हॉर्न देते, आणि पाणंदीतून येणारा गाडी थांबवून काच खाली करून ऐकतो. शेजारी माणूस असेल तर ते काम त्याचं. तो डावीकडून डोकं बाहेर काढतो आणि सांगतो, कोण नाही, घे. त्याने सांगितलं की चालवणारा दुसऱ्यांदा विचारत नाही. गावात गाड्या आल्या तेव्हापासून हे असंच चाललंय आणि आमच्या वाडीत त्यावर कोणाची तक्रार नाही.

त्या संध्याकाळी पाऊस उघडला होता. मुलीने गाडी पाणंदीच्या तोंडाशी छान थांबवली, काच खाली केली. मी डोकं बाहेर काढलं. गडगा, रान, ओला रस्ता. मला काही ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "कोण नाय. घे."

तिने घेतली नाही. माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, घाबरतेय. मी पुन्हा म्हणालो, या खेपेला बोटीवरच्या आवाजात, "अगो घे मगो!"

तिने क्लच सोडला. गाडीचं नाक रस्त्यावर गेलं आणि डाव्या बाजूने एसटी आली. मुलीने जो ब्रेक मारला त्याने माझं कपाळ समोर आपटलं. एसटी हातभर अंतरावर, तिरकी होऊन थांबली. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. मला त्याचं तोंड स्पष्ट दिसत होतं, म्हणून प्रत्येक शब्द कळला. "ओ बाय! कवापासून हॉर्न मारतंय, कान घरी ठेवन इलंस काय? शिकाचा आसात तर मैदानार जावा!"

बसमधली माणसं खिडक्यांना आली. मासेवाल्या बायका उभ्या राहिल्या. सगळी तोंडं ओळखीची. एक वाक्य पुरलं असतं. चूक माझी, मीच घे म्हटलं, एवढं म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात आलंही. पण त्या वाक्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा होता, की तांडेलानू, तुमका हॉर्न ऐकाक नाय इलो? आणि तो इतक्या लोकांसमोर नको होता. मग मी मुलीकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "एवढो हॉर्न मारल्यान, ऐकाक नाय इलो तुका? कान खंय होते तुझे?"

तिने गाडी मागे घेतली, एसटीला जागा दिली. रिव्हर्स तिला तोवर नीट जमत नव्हता, तेव्हा जमला. घरी आईने माझ्या कपाळाचं टेंगूळ बघून विचारलं काय झालं, तर मुलगीच म्हणाली, "माझी चूक झाली. हॉर्न ऐकलंय नाय." आणि पाहुण्यांचे ग्लास धुवायला गेली. मी ओटीवर बसलो. जेवायला बोलावलं तेव्हा भूक नाही म्हणून सांगितलं. माझ्या मुलीने माझं खोटं माझ्याआधी सांभाळून घेतलं होतं, आणि ते बघून मला हायसं वाटलं होतं. मला लाज वाटत होती ती त्या हायसं वाटण्याची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती येईल असं वाटलं नव्हतं. आली. गाडी काढली, पाणंद ओलांडली, आणि खाडीच्या कडेला माडांखाली नेऊन उभी केली. इंजिन बंद केलं. मग पूर्ण वळून, माझ्याकडे तोंड करून बसली. सावकाश बोलली, ओठ उघडून, जसं लहान मुलाला शिकवतात तसं.

"बाबा, काल हॉर्न मी ऐकलेलंय."

मी दाराच्या कडीवर हात ठेवला.

"दोनदा ऐकलंय. पण तुमी घे म्हटलास. माका वाटला, माझाच चुकला असतला. बाबा सांगतत म्हणजे कोण नसतलो."

हे ऐकून माणसाने काय करावं? तिने स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. बोटीवर वीस माणसं माझ्या शब्दावर बसतात ती याच विश्वासाने बसतात. पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या घडीला मी फक्त चिडलो. ती इतक्या सावकाश, इतकं तोंड उघडून बोलत होती त्याचाच मला संताप आला. वडिलांशी शेवटी शेवटी लोक असेच बोलायचे.

"माका बहिरो समाजतंस काय तू?" मी म्हणालो. दार उघडून उतरलो आणि चालत घरी गेलो. मागे वळून बघितलं नाही. ती गाडी चालू करून माझ्या मागून हळूहळू, चालण्याच्या वेगाने येत होती, हे मला घराच्या फाटकापाशी कळलं. सगळा रस्ता तिने तसा काढला होता आणि मला ती मागे आहे याचा पत्ताच नव्हता. मासेवाल्या बायकांनी ते बघितलं. या वेळी त्यांच्यातलं कोणी काही बोललं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

त्यानंतर संध्याकाळचे धडे बंद झाले. कोणी बंद केले नाहीत, मीच काही ना काही काम काढू लागलो. उरलेलं सगळं बायकोने शिकवलं. परीक्षेच्या दिवशी त्या दोघी गेल्या आणि मुलगी पास होऊन आली. पेढे मला आधी दिले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्या डोळ्यांकडे बघायची हिंमत झाली नाही.

नारळी पौर्णिमा जवळ आली. बोटीवरची झापं काढली, तळाला रंग लावायला घेतला. एका सकाळी मुलगी म्हणाली, रंग आणायला कुडाळला जाऊया, मी नेतंय. बायकोने आतून धुतलेला शर्ट आणून दिला. रंगाचे डबे आणायला धुतलेला शर्ट कशाला, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मुलीने गाडी सुंदर चालवली. पाणंदीच्या तोंडाशी मी सवयीने डोकं बाहेर काढू लागलो तर तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि स्वतः ऐकलं. मग घेतली. मी बाहेर माड बघत बसलो.

रंगाचं दुकान मागे गेलं तरी ती थांबली नाही. एका दवाखान्यापाशी गाडी लावली. पाटीवर कानाचं चित्र होतं. मी म्हणालो, मी उतरणार नाही. ती माझ्या बाजूला आली, दार उघडून उभी राहिली.

"आईक म्हायत आसा, बाबा. बोटीरच्या खलाशांकय म्हायत आसा. ते तुमच्या खांद्यार हात मारून बोलतत, ता कित्याक?"

मला वाटत होतं ती सलगी आहे. मी किती जपलं होतं, किती "हां" म्हटलं होतं, आणि माझ्या माघारी सगळ्यांनी मिळून माझी लाज झाकून ठेवली होती. त्या दारात बसून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मनात एक वेडी आशा होती. तपासणीत पास झालो तर? मग सगळ्यांच्या तोंडावर कागद मारता येईल. त्या आशेवर उतरलो.

आत काचेची एक छोटी खोली. मला तिच्यात बसवलं, कानांवर जाडजूड काहीतरी चढवलं, हातात बटण दिलं. तपासणारी बाई तरुण होती. मला दिसेल असं तोंड करून म्हणाली, "काका, आवाज आला की बटण दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं." मग दार लावून काचेपलीकडे यंत्रासमोर बसली. तिच्या मागे स्टुलावर माझी मुलगी.

पहिले आवाज मोठे होते, आले. मग येईनासे झाले. पण काचेतून मला त्या बाईचा उजवा हात दिसत होता. ती आवाज सोडायची तेव्हा तिचं बोट किंचित खाली जायचं. आयुष्यभर ज्याने पाण्यावरच्या बारीक हालचालीवरून मासा ओळखला त्याला एक बोट ओळखायला कितीसा वेळ लागणार? बोट खाली गेलं की मी दाबायचो. पुन्हा गेलं, पुन्हा दाबलं. मला गंमत वाटू लागली. सुकाणू वाचलं असं वाटलं. बाई कागदावर खुणा करत होती आणि तिची मान समाधानाने हलत होती.

मग माझं लक्ष मुलीकडे गेलं. ती बाईकडे बघत नव्हती. माझ्या डोळ्यांकडे बघत होती, आणि माझे डोळे कुठे आहेत ते तिला कळलं होतं. मला वाटलं ती उठेल, बाईला सांगेल. तिने सांगितलं नाही. एसटीसमोर जशी गप्प राहिली होती तशीच राहिली. फक्त तिने मान खाली घातली आणि पायाकडे बघत बसली. इतक्या लोकांसमोर मी तिच्यावर ओरडलो तेव्हाही तिची मान खाली गेली नव्हती.

मी बटण सोडलं. काचेवर टकटक केली. बाईने दार उघडून विचारलं, "काय झालं, काका? बरोबर चाललंय की."

"बरोबर नाही चाललं," मी म्हणालो. आवाज केवढा निघाला ते माहीत नाही, पण मुलीने वर बघितलं. "मी तुमचा हात बघून दाबत होतो. पहिल्यापासून घ्या."

बाईने माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. जुना कागद बाजूला ठेवून नवीन घेतला. दार लागलं. मी बटण मुठीत धरलं आणि डोळे मिटून घेतले. आत काळोख झाला. मी वाट बघत बसलो. पहिला आवाज आला, दाबलं. दुसरा आला, दाबलं. त्यानंतर खूप वेळ काहीच आलं नाही, आणि मी काहीच दाबलं नाही.